दहा नंबरचे गृहस्थ

नाक मुरडू नका, मित्रांनो. बूट बोलायला लागला म्हणून चार पावलं मागेही सरकू नका. मला वास येत नाही. वास यायला आत पाय जावा लागतो, आणि माझ्या आत आजवर कुणाचा पाय गेलेला नाही. मी एक जुना, काळा, दहा नंबरचा पुरुषी बूट आहे. जोडीतला उजवा. डावा माझ्या शेजारीच असतो, पण त्याला बोलायचा कंटाळा आहे. त्याच्या वाटचंही मीच बोलतो.

तुम्ही म्हणाल, न चाललेल्या बुटाला कसलं आलंय आयुष्य? तर ऐका. न चालता मी तीन देश पाहिले, आणि त्यांतल्या दोन देशांत मी एका घरचा कर्ता पुरुष होतो. तेरा वर्षांच्या वर ती नोकरी केली. एका दिवसाची सुट्टी नाही. आज मी त्या नोकरीबद्दल बोलणार आहे, आणि गोड बोलणार नाही.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या दुकानात झाला. बूट शिवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांनी लाकडी साच्यावर चामडं ओढून, आरीनं भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्यानं मला शिवलं. कुणाच्या पायासाठी नव्हे, दुकानाच्या काचेत ठेवण्यासाठी. लांबून दिसावा म्हणून दहा नंबर. गल्लीतली पोरं माझ्यात कोपरापर्यंत हात घालत आणि उस्ताद ओरडत, "अरे, बूट आहे तो, बीळ नाही!"

त्या पहिल्या देशात दारं दिवसभर उघडी असत. चोर नव्हते असं नाही. एकदा उस्तादांची आरी चोरीला गेली, आणि आठ दिवसांनी चोर तीच आरी धार लावून घ्यायला त्यांच्याकडे आला. उस्तादांनी धार लावली आणि आरी ठेवून घेतली. संध्याकाळी पोरी शिकवणीहून एकट्या परतत, कुणी वाट बघत दारात उभं राहत नसे. पण गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना त्यांना सहा ठिकाणी उत्तर द्यावं लागे. कुठे गेली होतीस, उशीर का झाला, ओढणी नवीन का. सुरक्षित होतं खरं. शंभर डोळ्यांच्या पहाऱ्यात कोण सुरक्षित नसतं?

उस्तादांची मुलगी नर्स होती. तिचा नवरा तापानं गेला तेव्हा तिची लेक चार वर्षांची होती. नर्सबाई तीन वर्षांनी पहिल्यांदा मोठ्यानं हसली, तेव्हा ते हसूसुद्धा सहा ठिकाणी मोजलं गेलं. तिनं परदेशातल्या एका रुग्णालयात अर्ज टाकला आणि सात वर्षांच्या लेकीला घेऊन निघाली. लेकीचा आवाज असा, की घरात तिला भोपू म्हणत.

निघताना उस्तादांनी काचेतून मला काढलं आणि त्यांच्या पेटीत कोंबलं.

"बाबा, हे बूट मी काय करू?" नर्सबाई म्हणाली.

"असू दे. तिकडे कुणी मोठ्या पायाचा भेटला तर दे. म्हण, माझ्या बापानं शिवलेत."

मोठ्या पायाचा कुणी भेटला नाही. भेटली ती रुग्णालयातली थोरली सिस्टर. हा दुसरा देश. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, बाहेर लांबलचक व्हरांडा, दाराला लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, आतून दोन कड्या आणि एक साखळी. थोरली सिस्टर पहिल्याच रविवारी घर बघायला आली. तिनं कड्या मोजल्या, खिडकी हलवून पाहिली आणि विचारलं, "घरात पुरुषाची एखादी वस्तू आहे का गं?"

"वडिलांनी दिलेले बूट आहेत."

"दाराबाहेर ठेव. आणि त्यांच्याशी बोलत जा. आम्ही सगळ्या असंच करतो. माझ्याकडे बूट नव्हते, मी आठ वर्षं गॅलरीत लुंगी वाळत घालतेय. रोज धुते, रोज वाळत घालते. नवऱ्याची असती तर इतकी धुतली नसती."

असा मी नोकरीला लागलो.

काम सोपं नव्हतं, मित्रांनो. नुसतं उभं राहिलं तर लोक ओळखतात. म्हणून रोज सकाळी नर्सबाई माझं तोंड फिरवायची. आज जिन्याकडे, उद्या दाराकडे, परवा एक पाय तिरका, म्हणजे गृहस्थ घाईत आले असं वाटावं. पाऊस झाला की ती आमचे तळ ओले करायची. महिन्यातून एकदा भोपू कुंडीतली माती आमच्या टाचांना चोपडायची. आणि बाहेर पडताना रिकाम्या घराकडे तोंड करून नर्सबाई हाक मारायची, "अहो, मी निघाले हं! दार लावून घ्या!" मग स्वतःच दार ओढून, स्वतःच कुलूप लावायची.

भोपूला या खेळात फार रस. तिनं घरातल्या त्या नसलेल्या माणसाचं नाव दहा नंबर ठेवलं. "दहा नंबर, आंघोळ करा, पाणी जाईल!" असं ती व्हरांड्याला ऐकू जाईल इतक्यानं ओरडायची. शेजारीण म्हणायची, "तुझे बाबा फारच अबोल बाई." भोपू म्हणायची, "हो, आणि आळशीसुद्धा."

एका दुपारी सुरक्षिततेची पाहणी करणारा माणूस दाराशी आला. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. त्यानं विचारलं, "बाई, अंधार पडल्यावर या भागात एकटीनं फिरताना तुम्हाला कितपत सुरक्षित वाटतं?" नर्सबाई साखळीच्या फटीतून त्याच्याकडे बघत राहिली. नाही म्हणावं तर हा समजणार की बाई घाबरट आहे, एकटी आहे. ती म्हणाली, "खूप सुरक्षित वाटतं. आमचे हे घरातच असतात." त्यानं माझ्याकडे पाहिलं, कागदावर खूण केली आणि पुढच्या दाराशी गेला. पुढच्या दारात लुंगी वाळत होती. त्या अख्ख्या मजल्यानं "खूप सुरक्षित" असं उत्तर दिलं. सुरक्षित देशांच्या याद्या छापून येतात ना, त्या वाचताना एवढं ध्यानात ठेवा, की उत्तर देणाऱ्या बाईच्या मागे कधीकधी साखळी असते.

मग माझ्या नावावर जमा झालेला तो पराक्रम. भोपू दहा वर्षांची होती, शाळेतून येऊन एकटीच घरात होती. टळटळीत दुपार. एक माणूस व्हरांड्यातून आला आणि प्रत्येक जाळी हलवून बघू लागला. आमच्या दाराशी थांबला. जाळीला हात घातला. आत भोपू जीव एकवटून ओरडली, "बाबा, कुणीतरी आलंय, उठा!" त्या माणसानं खाली पाहिलं. मी होतो. तो आल्या पावली गेला.

त्या संध्याकाळी मला पॉलिश झालं. नर्सबाईनं मला मांडीवर घेतलं, नाडी बदलली, कपाळाला लावलं. थोरली सिस्टर पाहायला आली आणि म्हणाली, "बूट असावेत तर असे!" मी फुगलो. खरं सांगतो, दोन वर्षं मी त्या पराक्रमावर मिरवलो.

नंतर मात्र मला ते खुपायला लागलं. दहा वर्षांच्या पोरीनं दाराआड एकटीनं उभं राहून हाक मारली होती. मी काय केलं होतं? मी होतो, एवढंच. तो माणूस तिला घाबरला नाही, रिकाम्या बुटाला घाबरला. आणि पॉलिशही बुटालाच झालं. तेव्हापासून माझं त्या नोकरीशी पटेना. पण बुटाला राजीनामा कसा देता येणार? उभा राहिलो.

बारा वर्षांनी आम्ही तिसऱ्या देशात आलो. नर्सबाईला मोठ्या रुग्णालयात बढतीची जागा मिळाली होती. हा देश सगळ्या याद्यांत वर असतो. इमारतीखाली सायकली कुलपाशिवाय उभ्या, जिन्यात कुणाचं पार्सल आलं तर ते तीन दिवस तिथेच. भोपू पहिल्या दिवशी म्हणाली, "आई, इथे चोर उपाशी मरत असतील." नर्सबाई हसली. आणि सामान लावायच्या आधी तिनं पेटीतून मला काढून पायपुसण्यावर ठेवलं. दुसऱ्याच दिवशी बाजारातून साखळी आणली.

चौदा महिने तेच. सकाळी तोंड फिरवा, पाऊस झाला की तळ ओले करा, "अहो, मी निघाले हं!" भोपू आता वीस वर्षांची झाली होती. ती ओरडायची थांबली. आईनं डोळे वटारले की पुटपुटायची, "येते हो, दहा नंबर."

एके दिवशी भोपूच्या नावानं पत्र आलं. बस चालवण्याच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती. शंभर अर्जांतून अकराजणं, त्यात मुली दोन. शुक्रवारपर्यंत बसच्या आगारात जाऊन होकार कळवायचा होता. कागदाच्या तळाशी लिहिलं होतं, पहिली पाळी पहाटे पाचला. म्हणजे चारला घरातून निघायचं आणि आगारापर्यंत वीस मिनिटं चालायचं.

नर्सबाईनं पत्र दोनदा वाचून घडी घातली. "नाही."

"आई, अगं पूर्ण तरी वाच..."

"वाचलं. पहाटे चारला तरणी पोर एकटी रस्त्यावर? मी जिवंत असेतो नाही. दुसरं काहीतरी शोध. दिवसाचं."

"बस दिवसा आपोआप सुरू होते का? कुणीतरी पहाटे काढावीच लागते ना!"

"काढू दे कुणाला काढायची ती."

तीन दिवस घरात भांडी जरा जास्तच वाजत होती. मी दाराबाहेरून सगळं ऐकत होतो. आणि शरमेनं सांगतो, नर्सबाईचा मुद्दा मीच पक्का करत होतो. रोज सकाळी ती मला फिरवायची, आणि रोज तिला नव्यानं पटायचं की बाहेर काहीतरी आहे, ज्याच्यासाठी मी लागतो.

गुरुवारी सकाळी अकराला बेल वाजली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. दाराशी एक तरुण पोलीस बाई उभी होती. तिच्या मागे, दोन पायऱ्या खाली, खालच्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपाल. उंच, वाकलेले, हातात छोट्या कार्डांचा गठ्ठा. आयुष्यभर पुस्तकांची कार्डं लिहिली, सवय जाईना. आता त्यांनी माझी कार्डं लिहिली होती. सोमवार, बुटांची तोंडं जिन्याकडे. मंगळवार, दाराकडे. बुधवार, तळ ओले. गृहस्थ दिसले नाहीत. गृहस्थ दिसले नाहीत. चौदा महिने गृहस्थ दिसले नाहीत.

नर्सबाईनं साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"आपल्या घरातल्या गृहस्थांना भेटायचं होतं," पोलीस बाई म्हणाली. "त्यांची प्रकृती बरी आहे ना, एवढंच पाहायचंय."

"ते बाहेर गेलेत."

पोलीस बाईनं खाली पाहिलं. माझ्याकडे. "अनवाणी?"

"म्हणजे... झोपलेत."

"बाहेर?"

नर्सबाईनं साखळी घट्ट धरली. दुसऱ्या देशात बारा वर्षं ज्या उत्तरांनी तिला तारलं, त्यांनी इथे तिला खिंडीत गाठलं होतं. पोलीस बाईचा आवाज बदलला. "बाई, साखळी काढा. त्यांना कोंडून ठेवलंय का? त्यांना काही झालंय का?"

तेवढ्यात आतून भोपू आली. तिनं आईचा हात बाजूला केला, साखळी काढली, दार सताड उघडलं. खाली वाकून तिनं आम्हा दोघांना उचललं आणि पोलीस बाईच्या नाकासमोर धरलं.

"हे आमचे गृहस्थ. दहा नंबर. बोला त्यांच्याशी. आम्ही तेरा वर्षं बोलतोय, एकदाही उत्तर दिलं नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. जाळी, लुंगी, दुपारचा तो माणूस, "दार लावून घ्या". सांगताना तिचा आवाज चढत गेला, आणि नर्सबाई भिंतीला टेकून मान खाली घालून उभी राहिली. ग्रंथपालांनी कार्डं हळूच खिशात घातली.

"मला वाटलं, मनुष्य वारला असावा," ते पुटपुटले.

"आजोबा, चौदा महिने लिहून काढलंत. एकदा बेल वाजवून विचारायचं होतं! मी चहा दिला असता."

"आमच्याकडे असं कुणाच्या दारात जात नाहीत," म्हातारा म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यानं ओशाळला.

पोलीस बाईनं वही मिटली. नियमाप्रमाणे तिनं सांगितलं की हा भाग अतिशय सुरक्षित आहे, काळजीचं कारण नाही. भोपूनं तिला तिथेच धरलं. "तुम्ही हा गणवेश नसताना पहाटे चारला इथून एकट्या जाता का?"

टोपी काढून तिनं केस मागे सारले. "जाते."

"भीती वाटत नाही?"

"वाटते की. किल्ल्या मुठीत धरून जाते. पण जाते. मी घरी बसले तर रस्त्यावर एक बाई कमी होईल, आणि माझ्या मागून येणारीला जास्त भीती वाटेल."

दोघं खाली उतरून गेली. आम्हाला भोपूनं जमिनीवर टाकलं, पहिल्यांदाच आडवे. दार उघडंच होतं.

नर्सबाई म्हणाली, "माझी चेष्टा केलीस परक्यांसमोर."

"चेष्टा नाही केली. आई, उद्या शुक्रवार आहे."

"नाही म्हटलं ना."

"तुझी सही लागत नाही त्याला. वीस वर्षांची आहे मी. मला तुझं हो हवंय."

नर्सबाईनं पायपुसणं सरळ केलं. मग म्हणाली, "एका अटीवर. रोज पहाटे आगारापर्यंत मी सोडायला येणार."

"आणि तिथून घरी तुला कोण सोडणार?"

"मला कशाला कोण सोडायला हवं? वीस वर्षं रात्रपाळ्या करतेय मी. तीन देशांत पहाटे एकटीच चालत घरी..."

वाक्य तिथेच तुटलं. तिनं आपलेच शब्द ऐकले होते.

मित्रांनो, मीही ते तेव्हाच ऐकले, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. तेरा वर्षं ती मला घराच्या राखणीला ठेवून गेली, आणि स्वतः त्याच रस्त्यांवरून, त्याच अंधारातून, पातळ तळांच्या पांढऱ्या बुटांत घरी आली. तिच्यासोबत कुणी दहा नंबर नव्हता. तो देश चांगला होता म्हणून ती चालली नाही, आणि वाईट होता म्हणून थांबलीही नाही. पहाटे पाळी संपायची, की घरी यायचंच असायचं. मग घर कोण राखत होतं? मी? मी उंबऱ्यावर उभा राहून फुकटचं नाव कमावत होतो.

"भीती वाटायची का गं तुला?" भोपूनं विचारलं.

"रोज." नर्सबाईनं नाक पुसलं. "आजही वाटते. तुझ्यासाठी तर दुप्पट वाटते. ती जायची नाही, सांगून ठेवते. तू पहाटे गेलीस की मी जागी राहणार, पोचल्याचा फोन आला नाही तर आगारात येऊन तमाशा करणार."

"कर. म्हणजे हो?"

"उद्या वेळेत पोच. उशिरा आलेल्यांना बस देत नाहीत," नर्सबाई म्हणाली, आणि दार न लावताच आत भांडी घासायला गेली.

प्रशिक्षण संपलं. पहिल्या पाळीच्या पहाटे भोपू गणवेश घालून बाहेर आली. जिन्यात खाली दिवा लागला. ग्रंथपाल स्वेटर घालून दारात उभे होते. "मला झोप लागत नाही, म्हणून उभा आहे," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. नर्सबाई उंबऱ्यात आली. सवयीनं तिनं मागे वळून रिकाम्या घराकडे तोंड केलं, "अहो..." म्हणाली, आणि थांबली. मग खाली वाकून लेकीच्या बुटाची नाडी घट्ट केली.

"येते गं."

"ये."

एवढंच. मी आतल्या कोपऱ्यातून ऐकत राहिलो. पावलं जिना उतरली, फाटक वाजलं, आणि रस्त्यावरून दूर दूर गेली. धावत नव्हती.

आता माझी मागणी. असल्या गोष्टीत शेवटी वस्तू म्हणते, मला जपा, मला पुसा, मला अडगळीत टाकू नका. मी उलटं सांगतो. मला टाका. मला कपाटात कोंडा, माझ्यात कांदे भरा, कुत्र्याला चघळायला द्या, पण पुन्हा कुठल्या बाईच्या दाराशी उभं करू नका. करावंच लागलं, तर ज्या देशात मी उभा आहे त्याला यादीत कुठेही बसवा, तिथे मी असेपर्यंत तो देश सुरक्षित नाही, हे मी जिथे असेन तिथून सांगत राहीन. निगा राखायचीच असेल तर रस्त्यावरच्या दिव्यांची राखा. शेजारच्या बेलची राखा, ती अधूनमधून वाजवत जा. आणि घरातल्या पोरीला पायाच्या मापाचे, जाड तळाचे बूट घेऊन द्या, झिजले की पुन्हा घेऊन द्या.

नर्सबाईनं त्यानंतरही मला तीनदा बाहेर काढलं. भीतीच ती, सांगून जात नाही. भोपूनं तीनदा मला आत नेलं. चौथ्यांदा दुपारची वेळ होती. भोपू पाळी संपवून आली, दाराबाहेर बूट काढून अनवाणीच आत शिरली आणि झोपली. पाच नंबरचे बूट. टाचा झिजलेल्या, तळाला आगारातल्या तेलाचा डाग, कुणी न चोपडलेला. नर्सबाई मला हातात घेऊन दारात आली. तिनं त्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पायपुसण्यावर जागा भरपूर होती.

तिनं मला काखोटीला मारलं आणि आत वळली. दाराबाहेर बाईचे बूट, एकच जोड, सगळ्यांना दिसेल असा. येऊ दे कोण येतंय ते.